फोनमधला सालदार

आमच्या वऱ्हाडात सालदार ठेवायची रीत होती, काही गावांत अजूनही आहे. पाडवा आला की बोली व्हायची. वर्षाचे रोख किती, ज्वारी-गहू किती, जोडे-कपडे कोणाकडे, दुखणं आलं तर काय, सगळं चारचौघांसमोर ठरायचं. मगच तो गडी गोठ्याकडे वळायचा. बोली न करताच कोणी वाड्यात शिरला, बैलांना वैरण टाकू लागला आणि वर्षभराने म्हणाला की आता महिन्याचे पैसे काढा, असं कधी ऐकलं नाही.

मैत्रिणींनो, आता तसं होऊ घातलंय. गेल्या दोनेक वर्षांत आपल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये असा एक गडी येऊन बसला आहे. व्हॉट्सॲपमध्ये ते निळं-जांभळं गोल कडं दिसतं ना, ते मेटा कंपनीचं एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धी. भारतात ते २०२४ च्या जूनमध्ये आलं. अँड्रॉइड फोनचं बटण जरा वेळ दाबून धरलं की गूगलचं जेमिनाय विचारतं, काय मदत करू? नवीन फोन घ्यायला अमरावतीच्या दुकानात जा, दुकानदार कॅमेऱ्याच्या आधी एआयचं कौतुक सांगतो. ही मंडळी पत्र लिहून देतात, पोरांचं गणित सोडवून देतात, इंग्रजी कागदाचा अर्थ मराठीत सांगतात. काम चांगलं करतात, यात वाद नाही.

आणि २०२५ मध्ये तर फुकट वाटपच सुरू झालं. जुलैमध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना 'पर्प्लेक्सिटी प्रो' वर्षभर फुकट देऊ केलं, किंमत सांगितली १७ हजार रुपये. ऑक्टोबरअखेर जिओने गूगलचं 'एआय प्रो' दीड वर्ष फुकट जाहीर केलं, किंमत ३५,१०० रुपये. आधी ते १८ ते २५ वयाच्या मुलांसाठी होतं, मग अमर्याद फाइव्ह-जी घेणाऱ्या सगळ्यांसाठी झालं. चॅटजीपीटीवाल्यांनी ऑगस्टमध्ये भारतासाठी ३९९ रुपये महिन्याची 'गो' नावाची स्वस्त योजना आणली होती. तीच त्यांनी ४ नोव्हेंबरपासून नोंदणी करणाऱ्यांना एक वर्ष फुकट करून टाकली. मोठी योजना मात्र १,९९९ रुपये महिन्याचीच.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले की हल्ली हाच विषय निघतो. "ताई, फुकट आहे तं घ्याले काय होते?" एकीने विचारलं. घ्यायला काहीच होत नाही. प्रश्न पुढचा आहे, आणि तो आत्ताच विचारायला हवा. फोनबरोबर आलेल्या या मदतनिसाला आपण महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे का? सबस्क्रिप्शन म्हणतात त्याला, आपल्या भाषेत वर्गणी. फरक एवढाच की गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात येतात, आपण पावती बघतो, घासाघीस करतो, वर्षातून एकदा देतो. ही वर्गणी खात्यातून परस्पर जाते.

हिशेब आपल्या भाषेत मांडू. ३९९ रुपये महिना म्हणजे वर्षाचे ४,७८८. १,९९९ रुपये महिना म्हणजे वर्षाचे २३,९८८. लाडकी बहीण योजनेतून महिन्याला दीड हजार म्हणजे वर्षाचे १८ हजार येतात. म्हणजे त्या मोठ्या योजनेची वर्गणी बहिणीच्या वर्षभराच्या ओवाळणीपेक्षा सहा हजारांनी जास्त! पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्याला दोन हजार हॉटेलचं एक बिल वाटेल. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कपड्याच्या कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्या बाईला ते तसं वाटत नाही.

फुकटाची चव लावून मग पैसे मागायचे, हे काही नवीन नाही. जिओ आलं ते ५ सप्टेंबर २०१६ ला. आधी डिसेंबरअखेरपर्यंत सगळं फुकट, मग मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत. त्या सहा-सात महिन्यांत गावागावांत व्हिडिओ बघायची सवय लागली. त्यानंतर ९९ रुपयांचं सभासदत्व आणि वर रिचार्ज आलं. २०२४ च्या जुलैमध्ये तिन्ही कंपन्यांनी एकामागोमाग दर वाढवले तेव्हा २३९ चा रिचार्ज २९९ झाला, आणि आपण कुरकुर करत भरला. भरणार नाही तर काय करणार? बँकेचा ओटीपी फोनवर, पोराच्या शाळेचा निरोप फोनवर, गॅसचं बुकिंग फोनवर. मी जिओला दोष देत नाही. त्यामुळेच आपल्यासारख्यांच्या हाती इंटरनेट आलं. पण सवय लागल्यावर बोलीत आपली बाजू लंगडी होते, एवढं ध्यानात ठेवायला काय हरकत आहे?

त्याआधीची कॉलर ट्यून आठवते का? स्टार दाबा म्हणाले, दाबलं, आणि महिन्याला तीस-पस्तीस रुपये जाऊ लागले. भविष्याचे मेसेज, विनोदाचे मेसेज, क्रिकेटचे मेसेज, कोणी मागितले होते? इतक्या तक्रारी झाल्या की २०१३ च्या जुलैमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची संमती दोनदा घ्यायची. सेवा बंद करायला १५५२२३ हा नंबरही दिला गेला. म्हणजे बायाबापड्यांच्या तक्रारींनी नियम बदलतो, हेही त्यातूनच दिसलं.

आमच्या सासूबाई तर आणखी मागचं सांगतात. त्यांच्या माहेरी रेडिओ होता, त्याचा परवाना काढावा लागे. "पोष्टात जाऊन पैसे भरा लागे बापा, दर वर्साले. मंग पुस्तकावर शिक्का." विकत घेतलेल्या रेडिओवर पुन्हा दरवर्षी पैसे! तो परवाना १९८० च्या दशकात सरकारने रद्द केला. पण त्यात एक गोष्ट होती. पैसे कोणाला देतोय, किती देतोय, कशाचे देतोय हे घरातल्या म्हातारीलाही ठाऊक होतं. पोस्टात चालत जाऊन दिलेला पैसा विसरता येत नाही.

आताचा पैसा विसरावा अशीच सोय केलेली असते. फुकट योजना घेताना बऱ्याच ठिकाणी कार्ड किंवा यूपीआय जोडायला सांगतात. एखादा रुपया जातो, तोही परत येतो. आपल्याला वाटतं खात्री करून घेतली असेल. त्याच वेळी आपण 'ऑटोपे'ला होकार दिलेला असतो. म्हणजे मुदत संपली की न विचारता पैसे काढून घ्यायची परवानगी.

आमच्या गटातल्या एका बहिणीची गोष्ट सांगते. नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. नवरा शेतमजूर, मुलगा बारावीला. मुलाने इंग्रजी बोलायला शिकवणारं एक एआयवालं ॲप घेतलं, सात दिवस फुकट होतं म्हणून. त्याचं स्वतःचं खातं नव्हतं, तर आईच्या खात्याचं यूपीआय जोडलं. तेच खातं ज्यात लाडकी बहिणीचे पैसे येतात. मुलगा चार दिवस बोलला आणि कंटाळला. ॲप काढून टाकलं. त्याला वाटलं, संपलं. पुढच्या हप्त्याला बाई पैसे काढायला गेल्या तर बाराशेच निघाले. "मले वाटलं, सरकारनंच कमी टाकले," त्या म्हणाल्या. त्या तीन महिने तेच समजून होत्या. अंगणवाडीतल्या बाईंशी भांडूनही आल्या. शेवटी पासबुक भरून आणलं, तेव्हा दर महिन्याला २९९ रुपये गेल्याच्या ओळी दिसल्या, इंग्रजीत, कुठल्याशा नावाने. त्या नावाचा आणि मुलाच्या ॲपचा संबंध लावायला आम्हा तिघींना अर्धा तास लागला.

मैत्रिणींनो, ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. मोलकरणीला घराची किल्ली दिलेली असेल तर तिचा नंबर फोनमधून पुसून किल्ली परत येते का? यूपीआयच्या ॲपमध्ये आपल्या नावावर, म्हणजे प्रोफाइलमध्ये जायचं, तिथे 'ऑटोपे' लिहिलेलं असतं. ते उघडलं की कोणाकोणाला किल्ली दिली त्याची यादीच दिसते. ती बंद करता येते. आम्ही बंद केली. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रारही केली, एका महिन्याचे पैसे परत आले. बाकीचे नाहीत. कंपनीचं म्हणणं, आम्ही मेसेज पाठवला होता. पाठवलाही असेल. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि थांबवायची सोय द्यायची. पण तो मेसेज इंग्रजीत येतो आणि जाहिरातींच्या दहा मेसेजमध्ये बसतो. शिवाय पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्याला, एकदा परवानगी दिली की, दर वेळी ओटीपी लागत नाही. हा नियम केला तेव्हा विमा, विजेचं बिल अशा गोष्टी डोळ्यांसमोर असतील, सोय म्हणूनच केला असेल. पण सोय कोणाची जास्त झाली, ते त्या बाईला विचारा.

आता मूळ मुद्दा. फोनमध्ये जे एआय आहे, ते सगळं एकाच जातीचं नाही, आणि पैसे द्यायचे की नाही हे त्यावर ठरायला हवं. काही कामं फोन स्वतःच करतो. फोटोतली नको ती वस्तू पुसणं, भाषा फोनमध्ये उतरवून ठेवली असेल तर भाषांतर करणं, अशी कामं बऱ्याच फोनांत आतल्या चिपवर होतात. दुसरी कामं दूर कुठेतरी मोठमोठ्या संगणकांच्या कोठारांत होतात. आपण विचारलं की प्रश्न तिकडे जातो, उत्तर बनतं आणि परत येतं. त्याला वीज लागते, पाणी लागतं, महागड्या चिपा लागतात. आमच्या गावाच्या शिवारात १,३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. कोळसा जळल्याशिवाय दिवा लागत नाही हे आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणून दर उत्तरामागे कंपनीचा खर्च होतो, हे मला पटतं. कायम फुकट कोणीच देऊ शकत नाही.

पण पहिल्या जातीचं काय? ते मशीन आपण रोख मोजून किंवा हप्त्यावर घेतलेलं आहे. तपासायची सोपी युक्ती अशी. फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा आणि मग ती गोष्ट करून बघा. नेट नसतानाही चाललं तर ते आपल्या घरातलं आहे, त्याचे पैसे दुकानात दिले गेलेत. त्याला महिन्याची वर्गणी म्हणजे मिक्सर विकत घेऊन चटणी वाटायचं वेगळं भाडं देण्यासारखं. कंपन्यांना हा मोह होतो, असं नाही का? बीएमडब्ल्यू गाडीवाल्यांनी २०२२ मध्ये काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या सीटच्या उबेसाठी महिन्याचे पैसे मागितले होते. श्रीमंत गिऱ्हाइकंही इतकी चिडली की २०२३ मध्ये कंपनीने ते गुंडाळलं. श्रीमंतांना जे चालत नाही, ते आपण का चालवून घ्यायचं?

सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत एआयचे फोन आणले तेव्हा जाहिरातीखाली बारीक अक्षरांत एक टीप होती, या सुविधा २०२५ अखेरपर्यंत मोफत. कंपनीने पुढे पैसे घेतलेच, असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप त्या बारीक अक्षरांना आहे. फोन आपण तीन-चार वर्षं वापरतो. आमच्याकडे तर आधी नवरा वापरतो, मग बायको, मग पोरगी. दोन वर्षांनी ज्या गोष्टीला पैसे लागू शकतात ती गोष्ट दाखवून फोन विकायचा असेल, तर ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत यायला हवं, मराठीतून.

याहून वाईट प्रकार असतो तो नको असलेली वस्तू पिशवीत टाकून बिल वाढवण्याचा. किराणा दुकानात साखरेसोबत चहापत्ती घ्यावीच लागेल म्हणणारा दुकानदार आपण पाहिलेला आहे. ऑस्ट्रेलियात मायक्रोसॉफ्टबाबत असंच प्रकरण झालं. वर्ड, एक्सेल हे शाळा-ऑफिसात लागणारे प्रोग्राम तिथे लोक वर्षाच्या वर्गणीवर घेत. कंपनीने त्यात कोपायलट नावाचा एआय घातला आणि वर्षाचे १०९ डॉलर होते ते १५९ केले. ग्राहकांना कळवलं, वाढीव पैसे भरा नाहीतर रद्द करा. प्रत्यक्षात तिसरी वाट होती. एआय नको असलेली जुनी योजना जुन्याच दरात मिळत होती, पण रद्द करायला निघाल्याशिवाय ती दिसतच नव्हती. तिथल्या सरकारी ग्राहक आयोगाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. २७ लाख ग्राहकांची दिशाभूल झाली असा आरोप होता. पुढच्याच महिन्यात कंपनीने माफी मागितली आणि पैसे परत देऊ केले.

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध नियम काढले. 'डार्क पॅटर्न' म्हणतात त्यांना. अशा १३ क्लृप्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं, न विचारता बिलात वस्तू घालणं, सारखं सारखं विचारून भंडावून सोडणं, हे सगळं त्यात आहे. आपल्या गावात हे किती जणींना माहीत आहे? म्हणून इथे लिहिलं.

माझा भाचा इंजिनियर आहे, तो म्हणतो, "मावशी, पैसे दिलेले बरे. फुकट असलं की ते आपली माहिती वापरतात, जाहिराती दाखवतात." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पैसे देऊनही जाहिराती टळतील याची खात्री कुठे आहे? २०२६ च्या जानेवारीत चॅटजीपीटीच्या कंपनीने अमेरिकेत जाहिरातींची चाचणी जाहीर केली, ती फुकटवाल्यांसाठी आणि त्या स्वस्त 'गो' योजनेसाठीही. आणि माहितीचं म्हणाल, तर पैसे दिले काय, न दिले काय, आपली काळजी आपणच घ्यायची. गटाच्या वहीचे फोटो, आधार कार्ड, कोणा बाईच्या दवाखान्याचे कागद त्यात टाकायचे नाहीत. एका मैत्रिणीने नवऱ्याच्या मारहाणीची सगळी हकीकत नावागावासकट त्याला सांगितली होती, सल्ला मागायला. त्याने सल्ला बराच दिला म्हणे. पण महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर आहे, तिथे माणूस बोलतं.

मग कोणीच पैसे देऊ नयेत का? मी तसं म्हणणार नाही. आमच्याकडे एक शिवणकाम करणारी आहे, तीसेक वर्षांची. ब्लाउज, फ्रॉक, आता लग्नातल्या मुलींचे लेहेंगेही शिवते. फुकटातलं एआय वापरून ती गिऱ्हाइकांना मेसेज लिहिते, पॅटर्नचे फोटो बनवून घेते, अमरावतीच्या कापडवाल्याला इंग्रजीत ईमेल करते. फुकटातली मर्यादा दुपारपर्यंत संपते, मग तिचं काम अडतं. तिने वहीत लिहून ठेवलं, महिनाभर कोणकोणत्या कामाला वापरलं आणि त्यातून कोणती ऑर्डर आली. ही बाई पैसे देते म्हणाली तर मी तिला अडवणार नाही. शिलाई मशीनचं तेल, दोरा, सुया घेतेच ना ती! कमाईला लागणारी वस्तू आहे. ऑर्डरी कमी झाल्या तर त्या महिन्यात बंदही करता यावी, म्हणून वर्षाची घाऊक वर्गणी नको, महिन्याचीच बरी. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलीचंही तसंच, तिची गरज परीक्षेपुरती असते.

पण इथे एक गोष्ट मला बोलायचीच आहे. आपल्या घरात एका वर्गणीपुरते पैसे निघाले, तर ते कोणाच्या फोनवर लागतात? नवऱ्याच्या किंवा मुलाच्या. बाईचा रिचार्ज संपला तर "चार दिवस थांब, घरी वायफाय नाही तर काय झालं, तुले कुठं काम असते" हे ऐकलेलं आहे ना? त्या शिवणकामवाल्या मुलीच्या घरीही आधी हेच झालं. दिराचं म्हणणं, माझ्या नावाने घे, दोघं वापरू. दोघं वापरू म्हणजे तिचे गिऱ्हाइकांचे मेसेज त्याच्या फोनवर. तिने ऐकलं नाही, आणि बरं केलं. पैसे तिच्या कमाईतले, तर खातंही तिच्या नावाचं.

बाकी आपल्यापैकी बहुतेकींना, म्हणजे ज्या पोळ्या लाटता लाटता पोराच्या निबंधाला चार ओळी विचारतात, सणाचा मेसेज बनवतात, सोयाबीनचा भाव बघतात, त्यांना फुकटात मिळतं तेवढं पुष्कळ आहे. एकाची मर्यादा संपली तर दुसरं आहे. त्यासाठी महिन्याचे चारशे देऊ नका, असं मी सरळ सांगते. तेवढ्यात घरात महिन्याचं दूध नाही पण आठवड्याची भाजी येते.

आणखी एक. वऱ्हाडी त्याला नीट कळत नाही. आमच्या काकूंनी त्याला बोलून विचारलं, "तुरीवर मर आली तं काय करा लागते?" त्याने कोणीतरी मेल्याबद्दल सांत्वन केलं! हसून हसून पुरेवाट झाली. पुस्तकी मराठीत विचारल्यावर मात्र उत्तर बरोबर आलं. म्हणजे पैसे घ्यायचे सगळ्यांकडून सारखे आणि बोली समजून घ्यायची फक्त शहराची, हा हिशेब मला जमत नाही.

याबाबतीत सरकारकडून मागण्यासारखं आहे. टीव्हीचं आठवा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून चॅनल निवडायची नवी पद्धत आली आणि महिन्याचं बिल कळेनासं झालं, तेव्हा कित्येक घरांनी दूरदर्शनची फ्री डिश लावली. २००४ पासून ती आहे, छत्री एकदा घ्यायची, महिन्याचं काही नाही. एआयमध्येही अशी एक छत्री हवी. सुरुवात झालेली आहे. राज्याने २०२५ च्या जूनमध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण मंजूर केलं, आणि कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप त्याच वर्षी आलं. त्यात शेतकरी मराठीत प्रश्न विचारू शकतो, पैसे लागत नाहीत. पण शेतीपुरतंच का? रेशनकार्ड, पोरीची शिष्यवृत्ती, दवाखान्याची योजना, सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवणं, यासाठी आपण तहसीलच्या चकरा मारतो आणि दर चकरेला रिक्षाचे, झेरॉक्सचे पैसे जातात. त्या कामांचा मदतनीस मराठीतून, वऱ्हाडीतूनही, फुकट मिळाला तर कोणा कंपनीच्या वर्गणीची गरज किती जणींना राहील?

आमच्या गटाने तूर्त एवढं केलंय. बैठकीत कर्जाच्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवली आहे. कोणी कोणती फुकट योजना कोणत्या तारखेला घेतली, कोणतं खातं जोडलं आणि मुदत कधी संपते, ते त्यात लिहायचं. मुदतीच्या पंधरा दिवस आधी त्या बाईला आठवण करायची, आणि बैठकीतच फोन उघडून ऑटोपेची यादी बघायची. लाडकी बहिणीचे पैसे येतात ते खातं कोणत्याही ॲपला जोडायचं नाही, हेही ठरलं. वहीत आतापर्यंत एकोणीस नावं झाली आहेत. त्यातल्या सात जणींना आपल्या नावावर काही योजना सुरू आहे, हेच ठाऊक नव्हतं. पोरांनी घेतल्या होत्या. शिवणकामवालीने मात्र लग्नसराईचे दोन महिने पैसे भरायचे आणि पावसाळा लागला की बंद करायचं ठरवलंय. पहिल्या महिन्याचे पैसे तिने भरलेत, तारीख वहीत आहे.